रायझन ५६००जी की आय३-१२१००? लॅमिंग्टन रोडला जाण्याआधी

ग्रँट रोडला पूर्वेला उतरून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कॉम्प्युटर पार्ट्सच्या कुठल्याही काउंटरवर उभं राहिलात की पहिला प्रश्न येतो, "इंटेल की एएमडी?" म्हणजे प्रोसेसर कुणाचा: इंटेलचा आय३-१२१०० की एएमडीचा रायझन ५६००जी? बजेट कमी असेल तर त्याआधी स्वतःला विचारा: वेगळं ग्राफिक कार्ड घेणार आहात का?

घेणार नसाल आणि हलके गेम, थोडं व्हिडिओ एडिटिंग करायचं असेल, तर ५६००जी. सहा कोअर (काम करणारे भाग), बारा थ्रेड (एकाच वेळी हाताळायची कामं), शिवाय आतलं वेगा ग्राफिक्स आय३ च्या यूएचडी ७३० पेक्षा बरंच दमदार. मात्र या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच वाटा घेतं. म्हणून १६ जीबीची एक स्टिक न घेता ८-८ च्या दोन घ्या. एकाच स्टिकवर गेम अडखळतात. "पुढे वाढवता येईल" म्हणत दुकानदार एकच गळ्यात मारायला बघेल, बधू नका.

घरी टॅली, ब्राउझर आणि मुलांचा अभ्यास एवढंच असेल तर आय३ पुरून उरतो. चारच कोअर, पण एकेक कोअर ५६००जी पेक्षा चपळ. कार्ड आत्ताच घेत असाल तर याचाच १२१००एफ बघा. तो स्वस्त पडतो, कारण त्यात ग्राफिक्सच नसतं. कार्ड लावल्याशिवाय स्क्रीनवर काही दिसणार नाही.

"आज ५६००जी, कार्ड दिवाळीला" हा बेत मला फारसा पटत नाही. पीसीआयई म्हणजे कार्ड आणि प्रोसेसरमधला रस्ता, आणि हा प्रोसेसर त्याच्या ३.० या जुन्या पिढीवरच थांबतो. आरएक्स ६५०० एक्सटीसारखं स्वस्त कार्ड फक्त चार लेन वापरतं, त्यामुळे ३.० वर त्याचा चांगलाच दम निघतो. आय३ कडे ४.० आहे.

खरी फसगत मदरबोर्डात होते. ५६००जी ला ए५२० बोर्ड पुरे, रॅम डीडीआर४ पिढीचीच. जुन्या स्टॉकमधला बी४५० मिळाला तर बायोस (बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) हा प्रोसेसर ओळखण्याइतकं अपडेट आहे का ते दुकानातच चालू करून बघा. आय३ साठी एच६१०, पण तो डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत येतो. पिना दोन्हीकडे २८८ च, खाच मात्र वेगळ्या जागी. चुकीची रॅम बसतच नाही.

पुढच्या अपग्रेडच्या आशेवर महागडा बोर्ड घेऊ नका. प्रोसेसर बसतो तो सॉकेट ५६००जी चा एएम४, आय३ चा एलजीए१७००. एएम४ नंतर २०२२ मध्ये एएम५ आला, एलजीए१७०० नंतर २०२४ मध्ये एलजीए१८५१. दोन्ही सॉकेट जुने झालेत.

कूलर दोघांच्याही बॉक्समध्ये येतो, ते पैसे एसएमपीएसकडे (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याकडे) वळवा. कॅबिनेटबरोबर 'फ्री' मिळणारा घेऊ नका. नावाजलेल्या कंपनीचा ४५० वॅटचा, ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवण्याचं मानांकन) घ्या.

बिल पक्कं, प्रत्येक पार्टच्या सीरियल नंबरसकट. बोर्डापुढे नुसतं 'एच६१०' लिहिलं असेल तर पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या, म्हणजे डीडीआर४ की ५ हा घोळ काउंटरवरच मिटेल.