बिबट्यावर प्रबंध लिहायचाय, मग ऑन्टॉलॉजी कुणाची घ्यायची?

ऑन्टॉलॉजी म्हणजे जगात मुळात काय काय आहे, याचा विचार. ती वाचायला घेतली की एकाच पाटीखाली दोन वेगळी दुकानं लागतात. एक मानवशास्त्रातलं, एदुआर्दो विवेइरोस दे कास्त्रो यांचं. दुसरं विज्ञान-तंत्रज्ञानाच्या अभ्यासातलं, अ‍ॅनमरी मोल यांचं. 'वस्तू एकच, नजरा अनेक' हे दोघांनाही पटत नाही. तिथून पुढे मात्र वाटा फुटतात.

विवेइरोस दे कास्त्रो यांचा आधार अ‍ॅमेझॉनचा. तिथल्या अनेक जमातींच्या समजुतीनुसार जग्वार (तिथला बिबट्यासारखा ठिपकेदार प्राणी) सुद्धा स्वतःला माणूसच समजतो आणि माणसासारखाच दारू पितो. फक्त आपल्याला जे रक्त दिसतं, ती त्याची दारू. (आपला साबुदाणा ज्या कंदाचा होतो, तोच आंबवून तिथली माणसं आपली दारू करतात.) संस्कृती सगळ्यांची एक, निसर्ग अनेक, कारण शरीरं वेगळी. मांडणी देखणी आहे. पण ती पेलायला भाषा हवी आणि मुक्काम हवा, एका सत्रात ते जमत नाही.

मोल कुठेच लांब गेल्या नाहीत. नेदरलँड्समधलं एक रुग्णालय, आणि पायाच्या रक्तवाहिन्या कडक होण्याचा आजार. २००२ सालचं पुस्तक एवढ्यावरच उभं आहे. ओपीडीत रुग्ण सांगतो, थोडं चाललं की पोटऱ्या भरून येतात, थांबलं की बरं वाटतं. तिथे आजार म्हणजे हे दुखणं. पॅथॉलॉजीत आजार म्हणजे मायक्रोस्कोपखाली जाड झालेलं वाहिनीचं अस्तर, आणि त्यासाठी पाय आधी कापलेला लागतो. कापलेला पाय दुखत असल्याचं सांगत नाही, आणि चालत्या माणसाच्या वाहिनीची चकती काढता येत नाही. मग हे दोन्ही 'एकच आजार' ठरतात कसे? फाइली, मोजमापं, डॉक्टरांच्या बैठका यांतून. ही सांधेजोड रोज करावी लागते, आणि ती वहीत टिपता येते.

२००८ साली मँचेस्टरला एका वादसभेत ठराव होता: ऑन्टॉलॉजी हे संस्कृतीचंच दुसरं नाव. हा टोला पहिल्या दुकानाला जास्त लागतो. 'त्यांचं जग वेगळं' म्हणता म्हणता 'त्यांची संस्कृती वेगळी' यावर घसरायला वेळ लागत नाही. मोल यांच्याकडे एकाच इमारतीत, एकाच भाषेत अनेकपण सापडतं, म्हणून त्या बचावतात. मानवशास्त्रज्ञ फिलिप देस्कोला यांची ऑन्टॉलॉजींची चार प्रकारांची वर्गवारी वाचा जरूर. पण फील्डवर्कला ती कप्प्यांच्या कपाटासारखी, आधीच लेबलं लावलेली.

आता तुमचा बिबट्या. वारल्यांचा वाघोबा दिसला की हात आपोआप जग्वारकडे जातो. इथेच थांबा. वाघोबा हा देव आहे, वाघबारशीला त्याला मान द्यावा लागतो. जग्वारचं 'मीही माणूसच' हे त्याला तसंच चिकटवता येत नाही. मी मोल घेईन. कॅमेरा ट्रॅपमधला (जंगलात लावलेल्या, आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यातला) बिबट्या अंगावरच्या ठिपक्यांच्या नक्षीवरून ओळखला जातो. शेळी गेल्यावर भरपाईच्या पंचनाम्यात तो येतो, तेव्हा नक्षी कुणी विचारत नाही. वाघबारशीच्या नैवेद्यासमोरचा तिसराच. हे तिघे एक आहेत असं कुणाला, कधी आणि कोणत्या कागदावर ठरवावं लागतं, ते पाहायला वनखात्याच्या कार्यालयात बाकावर बसून सुरुवात करता येईल.