नाशिकच्या ओझर विमानतळावरून उडताना पाठीवर कोणती बॅग घ्यावी?

भाचीला बंगळुरूला नोकरी लागली. पेढे खाऊन झाले आणि दुसऱ्याच दिवशी तिचा फोन आला. "मावशी, मी मेन रोडला बॅगेच्या दुकानात उभी आहे. चाळीस लिटरची घेऊ की पन्नास?"

"रिकामी बॅग किती वजनाची आहे, विचारलंस का?"

पलीकडे शांतता. मग दुकानदाराला विचारल्याचा आवाज, आणि त्याचं उत्तर मलाही ऐकू आलं: "एकदम लाइट आहे मॅडम."

मी तिला म्हटलं, काही घेऊ नकोस, आधी घरी ये. आमच्याकडे या ना त्या कारणाने जमलेल्या चार बॅगा आहेत. त्या हॉलमध्ये काढल्या, शिंप्याची टेप घेतली, गॅस सिलिंडरवाल्याकडे असतो तसला हुकाचा छोटा काटा घेतला आणि एकेक बॅग टांगली. एका संध्याकाळी जे हाती लागलं ते इथे लिहिते. बॅग घ्यायला निघालेल्या आणखी कुणाला तरी उपयोग होईल.

आधी मापं, कारण दुकानात 'केबिन साइझ' (म्हणजे विमानात आपल्यासोबत नेता येईल एवढी) असं सरसकट सांगतात आणि तसलं एकच माप मुळात नाही. इंडिगो आणि आकासा या विमान कंपन्यांचं माप ५५ × ३५ × २५ सेंटिमीटर. एअर इंडियाचं ५५ × ४० × २०. दोन्हीकडे बेरीज ११५च येते, पण एक बॅग जाड चालते आणि दुसरी रुंद. इकॉनॉमीत वजन सगळीकडे ७ किलो. आज एकीचं तिकीट स्वस्त, उद्या दुसरीचं, म्हणून बॅग दोन्हीकडे बसायला हवी. म्हणजे दोन्ही मापांतली लहान बाजू धरायची: ५५ × ३५ × २०. गुणाकार केला तर साडेअडतीस लिटर येतात. तेही बॅग विटेसारखी चौकोनी असेल तर, आणि पाठीवरची बॅग खांद्याशी गोल असतेच. त्यामुळे ३२ ते ३६ लिटरच्या पुढे गेलात की कुणाच्या तरी मापाबाहेर जाण्याची तयारी ठेवा. चाळीसची बॅग बसतही असेल, पण ती अर्धवट भरलेली असेल तेव्हा. पन्नासचा विषय तिथेच संपला.

आता आमच्या चार बॅगा. पहिली ट्रेकची सॅक, हरिहर-साल्हेर करून आलेली, वर तोंड असलेली, आत सळ्यांची चौकट. उंची ६६ सेंटिमीटर. रिकामी १ किलो ९०० ग्रॅम. तिच्यावर माझं प्रेम आहे, तरी विमानासाठी ती बाद. उंचीला तर बसत नाहीच, शिवाय तिचा कमरेचा पट्टा फुगून बाहेर येतो. एकदा एका विमानतळावर मला ती बॅगेचं माप तपासायच्या लोखंडी चौकटीत घालून दाखवायला लावली होती. रांगेतल्या लोकांसमोर मी गुडघा लावून ती दाबत होते, ती शेवटपर्यंत बसली नाही, आणि पैसे भरून खाली, म्हणजे विमानाच्या पोटातल्या सामानात, द्यावी लागली. चूक माझीच होती.

दुसरी चाकांची ट्रॉली, कडक कवचाची. तिच्याबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण नाशिकमध्ये बॅग म्हटलं की ट्रॉली हे समीकरण पक्कं आहे. बॅगा बनवणाऱ्या व्हीआयपी कंपनीचं आपल्या सातपूरच्या औद्योगिक वसाहतीशी जुनं नातं, त्यामुळे घरोघरी एखादी असतेच. ट्रॉलीचे फायदे खरे आहेत: साडी-कुर्ते चुरगळत नाहीत, पाठीला घाम येत नाही, कुलूप लागतं. पण काट्याला टांगली तर आमची २ किलो ६०० ग्रॅम भरली. सातातले अडीच किलो नुसत्या चाकं, दांडा आणि कवच यांत गेले. आणखी एक फसवणूक: चिठ्ठीवर ५५ लिहिलेलं असतं ते काही वेळा चाकं सोडून. कंपन्या चाकं आणि दांड्यासह मोजतात.

तरीही घरापासून विमानतळापर्यंत गाडी आणि तिथून हॉटेलपर्यंत गाडी असा प्रवास असेल तर ट्रॉली वाईट नाही. ज्यांची कंबर किंवा मान दुखते त्यांनी तर वजनाचा तोटा सोसून ट्रॉलीच घ्यावी. प्रश्न येतो मुंबईहून उडायचं असतं तेव्हा. सकाळी पंचवटी एक्सप्रेसने दादरला उतरा, जिने चढा, पूल ओलांडा, टॅक्सी शोधा. दादरच्या पुलावर चाकं काहीच कामाची नाहीत, अडीच किलोचं ओझं तेवढं हातात उरतं. तिथे पाठीवरची बॅग आणि दोन मोकळे हात यांची किंमत कळते.

उरल्या दोन, आणि खरी निवड या दोघींतच आहे.

एक माझी प्रवासी बॅकपॅक, ३६ लिटरची. सुटकेससारखी पूर्ण गोल चेन असलेली, उघडली की पुस्तकासारखी पसरते. रिकामी १ किलो ४०० ग्रॅम. दुसरी भाचीचीच कॉलेजची बॅग, २८ लिटरची, ७५० ग्रॅम. तिला ती जुनाट वाटते म्हणून नवीन घ्यायची होती.

हिशोब कागदावर मांडला. लॅपटॉप, चार्जर आणि पॉवर बँक मिळून २ किलो ४०० ग्रॅम. हे प्रत्येक बॅगेत जाणारच. ट्रॉलीत त्यानंतर कपड्यांना उरतात फक्त २ किलो. माझ्या बॅकपॅकमध्ये ३ किलो २००. कॉलेजच्या बॅगेत ३ किलो ८५०. म्हणजे सगळ्यात लहान बॅगेत सगळ्यात जास्त वजन नेता येतं! भाचीने कागद दोनदा तपासला. एक जीन्स अर्धा किलोच्या पुढे जाते आणि चपलांचा जोड तेवढाच, हे लक्षात घेतलं तर साडेसहाशे ग्रॅमचा फरक म्हणजे एक जीन्स.

मग मोठी घ्यायचीच कशाला? कारण जागा आणि वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाशिकचा माणूस कुठेही निघाला की खाऊ निघतोच. एक किलो मनुके कोपऱ्यात मावतात आणि काटा किलोभर पुढे नेतात. चिवड्याचं उलट. अर्धा किलो चिवडा अर्धी बॅग खातो, आणि दाबून कोंबला तर पोहोचेपर्यंत त्याचा भुगा होतो. हिवाळ्यात दिल्लीला जायचं असेल तर स्वेटर, जाकीट, हेही चिवड्याच्याच जातीचं: हलकं पण फुगीर. असं सामान असेल तर ३६ लिटरची बॅग लागते. चार दिवस, सुती कपडे, ऑफिस आणि परत, असं असेल तर २८ची पुरते आणि हलकीही राहते. (लोणच्याची बरणी मात्र कुठल्याच बॅगेतून केबिनमध्ये नेऊ नका. तेलकट लोणचं तपासणीत अडवतात. ते खाली द्यायच्या सामानात.)

उघडण्याची पद्धत हा माझ्या लेखी दुसरा मोठा मुद्दा. सुरक्षा तपासणीत लॅपटॉप, पॉवर बँक, चार्जर ट्रेमध्ये काढून ठेवावं लागतं. माझ्या बॅगेचा लॅपटॉपचा कप्पा पाठीच्या बाजूला, स्वतंत्र चेनचा. एक चेन ओढली की काम झालं. कॉलेजच्या बॅगेत लॅपटॉप मुख्य कप्प्यातच असतो, वर कपडे. म्हणजे मागे रांग उभी असताना सगळ्यांसमोर आपले कपडे उपसायचे. भाचीचं मत मोठ्या बॅगेकडे झुकलं ते इथे, वजनाच्या हिशोबाने नव्हे. मला ते पटतं.

लॅपटॉपवरून आणखी एक. इंडिगो ७ किलोच्या बॅगेखेरीज लॅपटॉपची लहान बॅग किंवा पर्स वेगळी धरते, ३ किलोपर्यंत. त्यामुळे मी बॅकपॅकच्या तळाशी एक घडीची कापडी पिशवी ठेवते. काउंटरवर वजन जास्त भरलं तर लॅपटॉप-चार्जर त्या पिशवीत खांद्यावर. दुसऱ्या कंपनीत हीच सवलत मिळेल असं गृहीत धरू नका, तिकीट काढताना नियम वाचा.

ओझरच्या प्रवाशांसाठी खास गोष्ट एटीआरची. आपल्याकडून काही मार्गांवर हे पंख्याचं, साधारण ७८ आसनांचं विमान असतं. त्यात डोक्यावरचे कप्पे मोठ्या विमानापेक्षा बरेच लहान. मापात बसणारी बॅगसुद्धा कप्प्यात जाईलच असं नाही. मग कर्मचारी तिला चिठ्ठी लावून पोटात ठेवतात आणि उतरल्यावर परत देतात. यात पैसे जात नाहीत, पण पॉवर बँक बॅगेतच राहिली तर घोटाळा, कारण ती खालच्या सामानात चालतच नाही. ती नेहमी जवळ हवी, आणि १०० वॉट-अवरच्या (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) आतली. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-अवर भरते, तेव्हा ती बिनधास्त. थोडक्यात, बॅगेला वरच्या बाजूला एक कप्पा असा हवा की चिठ्ठी लावता लावता पॉवर बँक, औषधं आणि पाकीट एका हाताने काढता येईल. माझ्या बॅगेला तो आहे. कॉलेजच्या बॅगेला पुढे खिसा आहे, त्यात पॉवर बँक ठेवली की बॅगेला पोट येतं आणि जाडी २० सेंटिमीटरच्या पुढे जाते. टेपने मोजली, २३ भरली.

परदेशाचा विचार असेल तर थोडं वेगळं. सिंगापूर एअरलाइन्सचं तेच ७ किलो आणि ११५ची बेरीज. लुफ्तान्झाचं ८ किलो, ५५ × ४० × २३. युरोपात आत फिरायला स्वस्त विमानं घेणार असाल तर मात्र फुकटातली बॅग म्हणजे सीटखाली मावणारी. इझीजेटचं माप ४५ × ३६ × २०. तिथे माझी ३६ लिटरची हरते आणि भाचीची जुनाट बॅग पुढचा खिसा रिकामा ठेवून जिंकते. वर्षातून एकदा युरोपला जाणारे फार नाहीत, पण जाणाऱ्यांनी नवीन बॅग घेण्याआधी माळ्यावर बघावं.

दुकानात गेल्यावर काय बघायचं, ते भाचीला सांगितलं तेच सांगते. काटा आणि टेप सोबत न्या, लाजू नका. बॅगेत दुकानातलेच कागद ठासून भरा आणि मग जाडी मोजा, रिकामी बॅग कुठल्याही मापात बसते. खांद्याचा पट्टा जिथे बॅगेला शिवलेला असतो तिथला टाका बघा: चौकोनात फुली मारलेली शिवण हवी, नुसती सरळ एक ओळ असेल तर ती पहिल्यांदा उसवणार. चेनचे रनर दोन्ही बाजूंनी चार-पाच वेळा फिरवा, कोपऱ्यावर अडकत असेल तर ती बॅग सोडा. कापड उत्तम आणि चेन भिकार अशी बॅग मी एकदा घेतली होती. भर पावसात इगतपुरीला चेन फाटली, आणि पुढचा प्रवास बॅगेला ओढणी बांधून केला. छातीवरचा छोटा पट्टा असेल तर चांगलं. कमरेचा जाड पट्टा सात किलोला लागत नाही, उगाच वजन. पावसाचं कव्हर वेगळं स्वस्तात मिळतं, त्यासाठी महाग मॉडेल घेऊ नका.

भाचीने शेवटी ३४ लिटरची घेतली, पूर्ण उघडणारी, काट्यावर १ किलो १५० भरलेली. निघायच्या आदल्या रात्री भरून टांगली तर ६ किलो ८००. सगळे खूश. तेवढ्यात ताईने स्वयंपाकघरातून चिवड्याची पुडी आणली. "अगं, एवढीशी तर आहे." काटा ७ किलो २००वर गेला. भाचीने माझ्याकडे बघितलं, आणि तळातली कापडी पिशवी बाहेर काढली.