धूर नक्की कुठला? फर्म्स, इन्सॅट की सेंटिनेल

ऊस तुटून गेला की शिवारात पाचट पेटतं आणि मसाई पठाराकडं वाळलेलं गवत. सकाळी कोल्हापुरात रंकाळ्यावर फिरायला गेलं, तर जोतिबाचा डोंगर पुसल्यासारखा दिसतो. हा धूर कुठून येतो हे मोबाइलवर बघायचं, तर फुकटातल्या तीन सोयी आहेत.

नासाचं फर्म्स, म्हणजे उपग्रहांनी टिपलेल्या आगींचा नकाशा, सगळ्यांत सोपं. आग लागली तिथं लाल ठिपका. पण ठिपका म्हणजे ३७५ मीटरच्या चौकोनाचा मध्य, साधारण ३५ एकरांचा तुकडा. आपल्याकडं वाटण्या होऊन वीस-वीस गुंठे राहिलेले. ठिपका बघून कुणाच्या दारात भांडायला जाऊ नका. मोठी खोट वेळेची. हे उपग्रह आपल्यावरून दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास जातात. पाचट पेटवतात दिवस कलल्यावर, वारा पडला की. सातला लावलेली काडी, आठला राख. रात्री दीडला काय दिसणार, कपाळ? डोंगरावरचा वणवा मात्र रात्रभर धुमसतो, तो सापडतो.

इन्सॅट-३डीएस हा भारताचा हवामान उपग्रह २०२४ साली अवकाशात गेला. तो विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटरवर एकाच जागी असल्यानं दर अर्ध्या तासाला चित्र मिळतं, धुराचा पट्टा सरकताना कळतो. पंजाब-हरियाणातल्या काडाच्या धुरासाठी झकास. आपल्या एका फडाचा धूर त्यात शोधू नका. उष्णतेच्या चित्रात एक ठिपकाच ४ किलोमीटरचा.

युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रात १० मीटरपर्यंतचं दिसतं, जळालेला फड काळाकुट्ट उठून दिसतो. पण फेरी पाच दिवसांनी. म्हणजे पंचनाम्याला चांगलं, आग विझवायला नाही. वणवा विझवायला धावणाऱ्या पोरांनी भारतीय वन सर्वेक्षणाच्या एसएमएस सूचनेसाठी नाव नोंदवावं.

धूर की धुकं, हा घोळ नासाच्या वर्ल्डव्ह्यू या उपग्रह-चित्रांच्या साइटवर सुटतो. धुकं पांढरंफेक, पंचगंगेच्या खोऱ्यात भरलेलं, कडा स्पष्ट. धूर करडा, खालची शेतं त्यातून अंधूक दिसतात.

घरात दम्याचं माणूस असेल, तर यातल्या एकावरही विसंबू नका. उपग्रहाला वरपासून खालपर्यंतचा सगळा थर एकत्र दिसतो, नाकाजवळ किती धूर आहे ते जमिनीवरचं यंत्रच सांगतं.

मी फोनमध्ये फर्म्स आणि वर्ल्डव्ह्यू एवढंच ठेवलंय. सेंटिनेल मे महिन्यात एकदा उघडतो, पठार किती काळं झालं ते बघायला.