एसी पास, रेडिओ नापास: काही महिने वापरल्यावर

या गाडीच्या मायलेज, पिकअप वगैरेंवर भरपूर लिहून झालंय, ते सोडून देतो. मला बोलायचंय एसी आणि रेडिओबद्दल. कारण मध्यंतरी ब्लोअरचे (एसीची हवा फेकणाऱ्या पंख्याचे) पहिले तिन्ही स्पीड एकदम गेले. चालायचा फक्त चार नंबर. एकतर उकडत बसा, नाहीतर तोंडावर वादळ घ्या.

सर्व्हिस सेंटरचं निदान: ‘मोटर गेली, अख्खी बदलावी लागेल.’ अहो, मोटर गेली असती तर चारवर तरी कशी फिरली असती? अशा मॅन्युअल, म्हणजे हाताने स्पीड लावायच्या एसीत चार नंबरला मोटरला थेट करंट मिळतो, खालचे स्पीड रेझिस्टरमधून, म्हणजे करंट कमी करणाऱ्या भागातून येतात. त्यातला फ्यूज उडाला की तिन्ही एकदम जातात. रेझिस्टर थंड होतो ब्लोअरच्याच हवेवर, त्यामुळे केबिन फिल्टर (आत येणारी हवा गाळणारा) तुंबला की रेझिस्टर तापतो. बरीच हुज्जत घातल्यावर ग्लोव्ह बॉक्स उतरवला, तर रेझिस्टर काळाठिक्कर. मोटरचं बिल वाचलं. फिल्टर मी घरीच बदलला. हवेच्या दिशेचा बाण बघून सरकवायचा, एवढंच काम. त्याची मजुरी कशाला द्यायची?

पण त्या दिवसांत खरा छळ केला रेडिओने. ब्लोअरच्या घोंघाटात बातम्या ऐकायच्या तर आवाज वाढवायला हवा, आणि आवाजाला नॉबच नाही! स्क्रीनवर प्लसचं इवलंसं चिन्ह, एका टिचकीला एक आकडा. खड्डा आला की बोट नेमकं शेजारच्या ‘होम’वर. स्टेअरिंगवर बटणं आहेत, मान्य. पण शेजारी बसलेल्याने काय करायचं, हात लांबवून स्टेअरिंग धरायचं? एवढी मोठी स्क्रीन देणाऱ्यांनी एका नॉबसाठी हात आखडता घ्यावा, हे डोक्यातून जात नाही.

गाडी घेतली तेव्हा ऑटो क्लायमेट (तापमान आपोआप सांभाळणारा एसी) नाही म्हणून मी नाक मुरडलं होतं. आता मत पार बदललंय. एसीचे तीन गोल नॉब नुसत्या हाताला कळतात. पावसात काचेवर वाफ धरली की हवा काचेकडे, एसी चालू, रिसर्क्युलेशन (आतलीच हवा फिरवणं) बंद. नजर रस्त्यावरून हलत नाही. थंडीतही तसंच, फक्त तापमान लालकडे फिरवायचं. एसी हवेतला दमटपणा काढतो, म्हणून तो तेव्हाही हवाच.

एफएम स्पष्ट लागतं. मध्ये खरखर यायची, तेव्हा सर्व्हिसवाले लगेच अँटेना बदलायला निघाले. सॉकेटमधला स्वस्तातला मोबाइल चार्जर उपसला आणि खरखर गायब. चार्जर मेव्हण्याला दिलाय. तो रेडिओ लावत नाही.