प्रायव्हसी बॅजर : न दिसणारे फोटो पकडणारं फुकटचं एक्स्टेन्शन

अ‍ॅडब्लॉकर समजून टाकणार असाल तर राहू दे, जाहिराती बऱ्याचशा दिसतच राहतात. बॅजरचं भांडण जाहिरातीशी नाहीच, मागावर राहणाऱ्यांशी आहे. अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या इंटरनेटवरच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने २०१४ मध्ये ब्राउझरला जोडायचं हे एक्स्टेन्शन काढलं, क्रोम, फायरफॉक्स, एज सगळीकडे चालतं, अँड्रॉइडवर फायरफॉक्समध्ये घ्या.

तर होतं काय, पानात कुठेतरी एक बाय एक पिक्सेलचा पारदर्शक जिफ (फोटोची फाइल) टाकलेला असतो, वजन जेमतेम ४३ बाइट, डोळ्याला काही दिसत नाही पण तो आणायला ब्राउझर तिसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरकडे जातो आणि जाताना आयपी अ‍ॅड्रेस, ब्राउझर कुठला, कुठल्या साइटवरून आला, त्या कंपनीची जुनी कुकी (ब्राउझरमध्ये ठेवलेली ओळखखूण) असं सगळं देऊन येतो. फोटो नुसतं निमित्त हो! तोच पिक्सेल बातम्यांच्या, चपलांच्या आणि औषधांच्या साइटवर असला की तिन्हीकडे फिरणारा माणूस एकच हे त्यांना बसल्या जागी कळतं. २०२२ मध्ये द मार्कअप या बातम्यांच्या साइटवाल्यांनी अमेरिकेतली १०० नावाजलेली हॉस्पिटलं तपासली तर ३३ जणांच्या साइटवर फेसबुकवाल्या मेटा कंपनीचा मेटा पिक्सेल निघाला, (त्यात फोटोसोबत जावास्क्रिप्ट म्हणजे पानात चालणारा कोड पण असतो) पेशंटने अपॉइंटमेंटचं बटण दाबलं की खबर फेसबुककडे. चपलांचं एकवेळ ठीक आहे, पण डॉक्टरचं??

बॅजरची आयडिया मस्त आहे. एकच पाहुणा, म्हणजे अशी तिसरी कंपनी, तीन वेगवेगळ्या साइटवर माग काढताना दिसला की ब्लॉक. आधी हे तो तुमच्याच ब्राउझिंगवरून शिकायचा, पण तुमचा बॅजर काय शिकलाय यावरूनच तुम्हाला ओळखता येऊ शकतं असं निघालं, म्हणून २०२० पासून ते शिकणं बंद ठेवून संस्थेने स्वतः शिकवलेली यादी येते. स्वतःच्याच मालातली खोट अशी उघड सांगतात हे मला आवडलं. आयकॉन दाबला की स्लायडर दिसतात, लाल म्हणजे पूर्ण बंद, पिवळा म्हणजे येऊ दे पण कुकी नाही, हिरवा मोकळा. एखादं पान नीट उघडेना तर त्या साइटपुरतं बंद करा, दोन क्लिकचं काम.

एक स्टार कापतोय कारण साइटने स्वतःच्याच डोमेनवरून माग काढला किंवा माहिती मागच्या दाराने सर्व्हर-टू-सर्व्हर पाठवली तर बॅजरला पत्ताच लागत नाही. आणि फोनवरच्या जीमेल अ‍ॅपमध्ये तर त्याचा हातच पोचत नाही. न्यूजलेटरमध्ये असाच पिक्सेल असतो, जीमेल २०१३ पासून फोटो स्वतःच्या सर्व्हरमधून देतं त्यामुळे आयपी लपतो, पण मेल उघडलात हे पाठवणाऱ्याला कळू शकतंच. त्यासाठी सेटिंगमध्ये जाऊन बाहेरचे फोटो विचारून दाखवायचा पर्याय निवडा, आयफोनच्या मेल अ‍ॅपमध्ये आयओएस १५ पासून वेगळी सोय आहे.

जाहिराती पण नको असतील तर फायरफॉक्सवर सोबत युब्लॉक ओरिजिन हा अ‍ॅडब्लॉकर टाका, दोघं एकत्र चालतात. चार स्टार.