इलेक्ट्रिक गिटार: सेमी-हॉलो (अर्धपोकळ) की सॉलिड (भरीव) बॉडी?

टोनसाठी माझं मत सेमी-हॉलोला. गिब्सनच्या १९५८ च्या ईएस-३३५ प्रमाणे मध्ये लाकडी ठोकळा, दोन्ही बाजू पोकळ. त्यामुळे सुराला मोकळी, उबदार हवा मिळते. क्लीन (स्वच्छ) किंवा हलक्या ओव्हरड्राइव्हवर (किंचित फाटलेल्या आवाजात) कॉर्डमधला प्रत्येक स्वर सुटा ऐकू येतो. पिकअपचा (तारांचं कंपन टिपून विद्युत सिग्नल करणारा भाग) वाटा मात्र दोन्हींत मोठाच.

अँपचा गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) वाढवला की चित्र उलटतं. अँपच्या आवाजाने पोकळ भाग थरथरतो, तारा पुन्हा हलतात, फीडबॅक (घुमत राहणारा कर्कश आवाज) सुरू. अँपपासून दूर, कोनात उभं राहावं. सॉलिड बॉडी इथे शांत राहते.

दुरुस्तीत सेमी-हॉलो छळते: पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालचा भाग) बदलायचा तर दोरा बांधून एफ-होलमधून (बॉडीवरच्या f आकाराच्या छिद्रातून) ओढावा लागतो.

ब्लूज, जॅझ, घरचा सराव: सेमी-हॉलो. मेटल, मोठा स्टेज: सॉलिड.