दांडिया बाजारातली मराठी लायब्ररी: चार स्टार, एक पंख्यापायी कापला

भाचा इथे बडोद्यात एमएस युनिव्हर्सिटीत सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि अचानक म्हणायला लागला, मामा मला साइटवर नाय उभं राहायचं, आमदार व्हायचंय. ताईचा लगेच मला फोन, तूच समजाव त्याला. मी काय समजावणार, म्हटलं आधी बघू तरी असं कोणी केलंय का, म्हणून त्यालाच मागे बसवून या जुन्या लायब्ररीत नेलं.

कॉम्प्युटर वगैरे काय नाय. काउंटरवरच्या काकांना "सिव्हिल इंजिनिअर असलेला आमदार" एवढंच सांगितलं, त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, "जयंत पाटील, वाळवा. थांबा." आणि पाच मिनिटांत सुतळी बांधलेली कात्रणांची फाइल समोर, वर निळ्या शाईत 'सांगली'. शेवटचं कात्रण २०२४ च्या निकालाचं, म्हणजे काका अजून कापून चिकटवतायत!

मुंबईच्या व्हीजेटीआय कॉलेजची सिव्हिलची डिग्री, पुढे शिकायला अमेरिकेत, १९८४ ला वडील राजारामबापू गेले म्हणून परत आले, १९९० ला २८ व्या वर्षी आमदार आणि २०२४ धरून आठ निवडणुकांत एकदाही पडले नाहीत. १९९९ पासून अर्थखातं, सलग ९ बजेटं, २६/११ नंतर गृह, मग ग्रामविकास. मी भाच्याला बोट ठेवून दाखवलं, जलसंपदा कधी मिळालं बघ. २०१९ च्या सरकारात! धरणं, कालवे, जिथे सिव्हिलवाल्याचं खरं डोकं चालतं ते खातं हातात यायला आमदारकीची २९ वर्षं गेली, तोपर्यंत बजेटचे आकडे जुळव. भाचा म्हणतो, पण त्यांचे वडील मंत्री होते, माझे पप्पा एलआयसीत. पॉइंट आहे. तर काका रजिस्टरमधून मान वर न करता म्हणाले, "बापाच्या नावावर पहिली निवडणूक निघते रे, आठवी नाही निघत." (काका मूळचे इस्लामपूरचे, म्हणजे पाटलांच्याच मतदारसंघातले, तेव्हा थोडं सोडून द्या.)

आता तक्रारी. दुपारी १२ ते ५ बंद असते आणि ते बोर्डावर कुठेच लिहिलेलं नाय, आम्ही पहिल्या दिवशी उन्हात हेलपाटा मारून सेव उसळ खाऊन घरी. वाचायच्या टेबलावरचा पंखा फुल केला की कात्रणं उडतात, बंद केला की आपण उकडतो, शेवटी भाच्याने फाइलीवर हेल्मेट ठेवलं. फाइल घरी देत नाहीत, फोटो काढू देतात, ते बरंय, कारण समोरच्या दुकानातल्या झेरॉक्सवाल्याने तिरकी कॉपी काढून वर पैसे पूर्ण घेतले.

डिपॉझिट ५०० रुपये, परत मिळतं. भाच्याने मेंबरशिप घेतली. सांगली वाचून झाली, परवा जाऊन साताऱ्याची फाइल मागितली म्हणे, आणि ताई माझ्याशी बोलत नाय.